संत फ्रान्सिस झेवियर समाधिस्मारक (जुने गोवे)

संत फ्रान्सिस झेवियर समाधिस्मारक हे गोवा राज्यातील जुने गोवे येथील बॉम जेझू बासिलिकेत (बॉम जीझस चर्च) असलेले सतराव्या शतकातील स्मारक आहे. येशूसंघी (जेझुइट) धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर यांचा देह येथे चांदीच्या पेटिकेत जतन केलेला आहे. पेटिका गोव्यातील चांदी-कारागिरांनी इ.स. १६३६-३७ मध्ये घडवली. ती ज्या उंच चौथऱ्यावर ठेवलेली आहे, तो इटलीतील फ्लॉरेन्स येथे तयार होऊन इ.स. १६९८ मध्ये गोव्यात उभारला गेला. चौथरा तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा दे मेदिची याची भेट असून त्याचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी हा होता. पोर्तुगीज काळात हे स्मारक धार्मिक श्रद्धेबरोबरच राजसत्तेचेही प्रतीक मानले गेले. छत्रपती संभाजी महाराजांच्या इ.स. १६८३ मधील गोवा स्वारीशीही त्याचा संबंध आहे. बासिलिका 'गोव्यातील चर्च व कॉन्व्हेंट' या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत इ.स. १९८६ पासून समाविष्ट आहे.

नाव आणि संज्ञा

मराठीत या वास्तूला समाधी, कबर किंवा थडगे असे म्हटले जाते. यांपैकी 'कबर' व 'थडगे' हे शब्द येथे पूर्णपणे लागू होत नाहीत. देह जमिनीत पुरलेला नसून जमिनीपासून बराच उंचावर, पेटिकेत ठेवलेला आहे. देहावर दफनविधी झाला होता, तो चीनच्या किनाऱ्याजवळ आणि नंतर मलाक्का येथे. गोव्यात मात्र तो सुरुवातीपासून दर्शनीय अवशेष म्हणूनच जपला गेला. गोव्यातील लोक संताला कोंकणीत 'गोंयचो सायब' असे संबोधतात.

पार्श्वभूमी

फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नव्हारा राज्यातील (सध्याचे स्पेन) हाव्हिएर येथील गढीत झाला. पॅरिस येथे शिकत असताना त्यांची इग्नेशियस लोयोला यांच्याशी भेट झाली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे ज्या सात जणांनी एकत्र व्रत घेतले, त्यांत झेवियर होते. या गटातून पुढे येशूसंघ स्थापन झाला व इ.स. १५४० मध्ये त्यास पोपची मान्यता मिळाली. पोर्तुगालचा राजा जुआंव तिसरा याच्या विनंतीवरून झेवियर पूर्वेकडे निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात पोहोचले. गोवा शहर त्याआधी ३२ वर्षे, इ.स. १५१० मध्ये, आफोन्सु द आल्बुकेर्क याने आदिलशाहीकडून जिंकून घेतले होते.

पुढील दहा वर्षांत झेवियर यांचे गोव्यातील वास्तव्य अल्पच राहिले. तमिळ प्रदेशातील मच्छीमार किनारा, मलाक्का, मोलुकास बेटे आणि जपान येथे त्यांनी धर्मप्रसार केला. इ.स. १५४९ मध्ये ते जपानमधील कागोशिमा येथे उतरले. चीनमध्ये प्रवेश मिळवण्याच्या प्रयत्नात असताना ३ डिसेंबर १५५२ रोजी क्वांगतुंग किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर त्यांचे निधन झाले.

देहाचा प्रवास

शांगच्वान बेटावर दफन करताना देह चुन्यात ठेवण्यात आला होता. मांस लवकर झिजून अस्थी नेणे सोपे व्हावे, हा त्यामागील हेतू होता. फेब्रुवारी १५५३ मध्ये कबर उघडली असता देह विघटित झालेला आढळला नाही, असे तत्कालीन वृत्तांतांत नमूद आहे. तो जहाजाने मलाक्का येथे नेऊन टेकडीवरील चर्चमध्ये पुन्हा पुरण्यात आला. या चर्चचे अवशेष आज मलेशियात असून तेथील रिकामी कबर पाहावयास मिळते. काही महिन्यांनी देह पुन्हा बाहेर काढून गोव्याकडे रवाना करण्यात आला.

मार्च १५५४ मध्ये देह गोव्यात पोहोचला आणि येशूसंघाच्या संत पॉल महाविद्यालयात ठेवण्यात आला. दर्शनासाठी मोठी गर्दी झाली. एका भाविक स्त्रीने पायाचे बोट चावून अवशेष म्हणून नेले, अशी परंपरागत कथा या प्रसंगाविषयी सांगितली जाते. देहाचे इतर काही भाग मात्र अधिकृतपणेच वेगळे केले गेले. इ.स. १६१४ मध्ये येशूसंघाच्या प्रमुखाच्या आज्ञेवरून उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग रोमला पाठवण्यात आला. तो तेथील जेझू चर्चमध्ये आहे. जपानमधील आगमनास ४०० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, इ.स. १९४९ मध्ये, हा अवशेष जपानमध्ये नेण्यात आला होता. हाताच्या उर्वरित भागातील अवशेष पूर्वेकडील इतर येशूसंघी केंद्रांना देण्यात आले व त्यांपैकी एक मकाव येथे आहे.

पोप पॉल पाचवे यांनी इ.स. १६१९ मध्ये झेवियर यांना 'धन्य' घोषित केले. १२ मार्च १६२२ रोजी पोप ग्रेगरी पंधरावे यांनी त्यांना व इग्नेशियस लोयोला यांना एकाच समारंभात संतपद दिले. त्यानंतर इ.स. १६२४ मध्ये देह बॉम जेझू चर्चमध्ये आणण्यात आला. सतराव्या शतकाच्या मध्यापासून तो याच चर्चच्या दक्षिण बाजूच्या चॅपेलमध्ये आहे. संत पॉल महाविद्यालयाची वास्तू पुढे नष्ट झाली. तिचे केवळ प्रवेशद्वार जुन्या गोव्यात शिल्लक आहे.

चर्चची वास्तू

बॉम जेझू चर्चची पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाली आणि आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी १५ मे १६०५ रोजी त्याचे पवित्रीकरण केले. 'बॉम जेझू' याचा अर्थ 'भला येशू' किंवा 'बाल येशू' असा घेतला जातो. बांधकामाचा मोठा खर्च कोचीनचा माजी कप्तान जेरोनिमु मास्कारेन्यस याच्या मृत्युपत्रातील देणगीतून झाला. त्याचे स्मारकही चर्चच्या मुख्य दालनात आहे.

भिंती स्थानिक जांभा दगडाच्या आहेत. दर्शनी बाजूवरील कोरीव भागांसाठी लागणारा बसाल्ट (काळा पाषाण) उत्तर कोकणातील वसई येथून आणला गेला. त्या काळी वसई हे पोर्तुगिजांचे महत्त्वाचे ठाणे होते. जांभ्यावर बारीक कोरीव काम टिकत नाही, तर बसाल्टवर ते शतकानुशतके टिकते, हे या निवडीमागील तांत्रिक कारण आहे. दर्शनी भागाच्या शिरोभागी येशूसंघाचे बोधचिन्ह असलेली आयएचएस ही अक्षरे कोरलेली आहेत. इ.स. १९४६ मध्ये पोप पायस बारावे यांनी या चर्चला लघु बासिलिकेचा दर्जा दिला.

चांदीची पेटिका

पेटिकेची कल्पना नेपल्सचे येशूसंघी धर्मगुरू मार्चेल्लो मास्त्रिल्ली यांची होती. गंभीर आजारातून आपण झेवियर यांच्या कृपेने बरे झालो, अशी त्यांची श्रद्धा होती. जपानकडे जाताना ते गोव्यात थांबले आणि संताच्या देहासाठी योग्य पेटिका घडवून घेण्याचे काम त्यांनी हाती घेतले. पेटिका पूर्ण झाली त्याच वर्षी, ऑक्टोबर १६३७ मध्ये, नागासाकी येथे त्यांना देहदंड देण्यात आला. जपानमध्ये त्या वेळी ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी होती.

पेटिकेच्या चारही बाजूंवर चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली ३२ दृश्ये आहेत. त्यांत झेवियर यांच्या जीवनातील व त्यांच्याशी निगडित चमत्कारकथांतील प्रसंग दाखवले आहेत. दृश्यांची मांडणी युरोपातील तत्कालीन धार्मिक चित्रांवर आधारित असली तरी घडणावळ गोव्यातील कारागिरांची आहे. चौकटींभोवतीची दाट वेलबुट्टी आणि मोकळी जागा न सोडता पृष्ठभाग भरून काढण्याची पद्धत भारतीय धातुकामाशी नाते सांगते. यामुळे पेटिका इंडो-पोर्तुगीज कलेचा एक प्रमुख नमुना मानली जाते. इ.स. १९५५ पासून देह प्रथम काचेच्या पेटीत आणि ती पेटी चांदीच्या पेटिकेत, अशी रचना आहे.

संभाजी महाराजांची स्वारी आणि राजदंड

इ.स. १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द ताव्होरा (कोंदि द आल्व्होर) याने मराठ्यांच्या ताब्यातील फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. छत्रपती संभाजी महाराज स्वतः सैन्यासह तेथे आल्यावर व्हाइसरॉयला वेढा उठवून माघार घ्यावी लागली. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री मराठ्यांनी गोवा शहरालगतच्या जुवे (सांतु इश्तेव्हांव) बेटावरील किल्ला घेतला. तो परत घेण्याचा पोर्तुगिजांचा प्रयत्न दुसऱ्या दिवशी फसला आणि त्यात व्हाइसरॉय स्वतः जखमी झाला. मांडवीच्या पात्रातील हे बेट राजधानीच्या अगदी जवळ असल्याने शहर हातचे जाण्याचा धोका निर्माण झाला.

या संकटात व्हाइसरॉय बॉम जेझू चर्चमध्ये गेला. पोर्तुगीज वृत्तांतांनुसार त्याने संताची पेटिका उघडवून आपला अधिकारदंड व राजाने दिलेले नियुक्तिपत्र संताच्या देहापाशी ठेवले आणि राज्याचे रक्षण संताकडे सोपवल्याचे लेखी निवेदनही तेथे अर्पण केले. त्यानंतर काही आठवड्यांतच मराठी फौजा गोव्यातून मागे फिरल्या. औरंगजेबाचा पुत्र शाह आलम हा मोठी मोगल फौज घेऊन कोकणात उतरत होता, हे त्याचे लष्करी कारण होते. गोव्यातील पोर्तुगिजांनी मात्र शहर वाचल्याचे श्रेय संताला दिले.

या घटनेने स्मारकाचे स्वरूप बदलले. संत हाच गोव्याचा खरा रक्षक व अधिपती, ही भावना राज्यकारभारातही उतरली. नवा गव्हर्नर अधिकारसूत्रे स्वीकारताना संताच्या समाधीपाशी अधिकारदंड घेई, अशी प्रथा रूढ झाली. एकाच घटनेकडे मराठी व पोर्तुगीज इतिहासलेखन दोन वेगळ्या अंगांनी पाहते. मराठी इतिहासात ती एका मोठ्या मोहिमेचा अपुरा राहिलेला शेवट आहे, तर पोर्तुगीज परंपरेत ती दैवी संरक्षणाची खूण आहे.

फ्लॉरेन्सचा चौथरा

आज दिसणारा संगमरवरी चौथरा १६८३ मध्ये अस्तित्वात नव्हता. तो एका परतभेटीतून आला. संताच्या मस्तकाखाली दीर्घकाळ असलेली उशी येशूसंघाकडून तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याला देण्यात आली. कोझिमो अत्यंत धर्मनिष्ठ म्हणून ओळखला जाई. या अवशेषाच्या मोबदल्यात त्याने गोव्यातील पेटिकेसाठी भव्य चौथरा पाठवण्याचे ठरवले.

हे काम मेदिची दरबाराचा शिल्पकार फोज्जिनी (१६५२–१७२५) याच्याकडे सोपवण्यात आले. रंगीत कठीण दगडांचे तुकडे अचूक कापून एकमेकांशेजारी बसवण्याची कला ही फ्लॉरेन्सच्या राजकीय कार्यशाळेची ख्याती होती. कार्यशाळेची स्थापना इ.स. १५८८ मध्ये झाली होती. चौथऱ्याचे काम सुमारे दहा वर्षे चालले. सुटे भाग पेट्यांत भरून समुद्रमार्गे लिस्बनला आणि तेथून गोव्याला पाठवण्यात आले. त्यांच्यासोबत प्लाचिदो राम्पोनी व सिमोने फान्चुल्लाची हे दोन फ्लॉरेन्सचे कारागीर होते. सप्टेंबर १६९८ मध्ये ते गोव्यात पोहोचले. भागांची जोडणी करून डिसेंबरमधील संताच्या सणापर्यंत चौथरा उभा करण्यात आला. राम्पोनी याने या प्रवासाचा लिहिलेला वृत्तांत उपलब्ध आहे.

रचना

स्मारक खालून वर निमुळते होत जाणाऱ्या टप्प्यांचे आहे.

खालचा टप्पा: सर्वांत रुंद असलेला हा आयताकृती भाग तांबूस-जांभळ्या छटेच्या जॅस्पर दगडाचा असून त्यावर पांढऱ्या संगमरवराचे कोरीव काम आहे.

मधला टप्पा: हा भाग विविध रंगांच्या दगडांचा आहे. त्याच्या चारही बाजूंना कांस्याचे एकेक उठावचित्र बसवलेले आहे. झेवियर धर्मोपदेश करताना, लोकांना बाप्तिस्मा देताना, मोलुकास भागातील मोरो येथे हल्ल्यातून निसटताना आणि शांगच्वान बेटावर अखेरचा श्वास घेताना, असे चार प्रसंग त्यांत आहेत. प्रत्येक चित्रासोबत लहानसे लॅटिन वचन आहे. मृत्यूच्या चित्राजवळील वचनाचा आशय 'मावळताना अधिक मोठा' असा असून त्यात संताची तुलना अस्ताला जाणाऱ्या सूर्याशी सूचित होते.

वरचा टप्पा: माथ्यावर तांबड्या जॅस्परचा कठडा आहे आणि त्याच्या आत चांदीची पेटिका विराजमान आहे.

चौथरा आणि पेटिका यांच्यात सुमारे ६० वर्षांचे अंतर आहे. चौथरा बरोक शैलीतील, मोजक्या मोठ्या आकारांवर भर देणारा आहे, तर पेटिका बारीक तपशिलांनी भरलेली आहे. इटलीतील दगड व कांस्य आणि गोव्यातील चांदी यांचा हा संयोग स्मारकाचे वैशिष्ट्य आहे. पेटिका उंचावर असल्याने खाली उभ्या असलेल्या भाविकाला तिच्यातील दृश्ये बारकाईने दिसत नाहीत. कांस्यचित्रे मात्र तुलनेने सहज पाहता येतात.

येशूसंघाची हकालपट्टी आणि नंतरचा काळ

इ.स. १७५९ मध्ये पोर्तुगालचा प्रधान मार्क्विस द पोंबाल याच्या धोरणानुसार येशूसंघाला पोर्तुगीज प्रदेशांतून हद्दपार करण्यात आले. संघाची मालमत्ता सरकारजमा झाली. येशूसंघीयांनी जाताना संताचा देह गुप्तपणे नेला, अशी अफवा त्यानंतर पसरली. ती खोटी ठरवण्यासाठी फेब्रुवारी १७८२ मध्ये देह लोकांना उघडपणे दाखवण्यात आला. हेच पहिले सार्वजनिक प्रदर्शन मानले जाते.

अठराव्या शतकात साथीच्या रोगांमुळे गोवा शहर ओस पडत गेले आणि राज्यकारभार पणजीकडे सरकला. इ.स. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. इ.स. १८३० च्या दशकात पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केल्यावर जुन्या गोव्यातील अनेक मठ रिकामे पडले. संत ऑगस्टिन चर्चचे छत इ.स. १८४२ मध्ये कोसळले आणि आज त्याच्या मनोऱ्याचा केवळ काही भाग उभा आहे. बॉम जेझू चर्च मात्र वापरात राहिले. संताचा देह तेथे असल्याने भाविकांचा ओघ कधी थांबला नाही.

अवशेषांचे प्रदर्शन

१७८२ नंतरचे पुढील मोठे प्रदर्शन इ.स. १८५९ मध्ये झाले. विसाव्या शतकात साधारणतः दर दहा वर्षांनी प्रदर्शन भरवण्याची प्रथा स्थिर झाली. इ.स. १९५२ मधील प्रदर्शन संताच्या निधनास ४०० वर्षे झाल्यानिमित्त होते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतरचे पहिले प्रदर्शन इ.स. १९६४ मध्ये झाले. त्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली होती. अलीकडील प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले.

प्रदर्शनाच्या वेळी अवशेष चौथऱ्यावरून उतरवून मिरवणुकीने जवळच्या से कॅथेड्रलमध्ये नेले जातात व समाप्तीनंतर परत आणले जातात. देह आता शुष्क अवशेषांच्या रूपात आहे. हाताळणी व हवामान यांमुळे होणारी झीज लक्षात घेऊन लोकांना त्यास स्पर्श करण्याची पूर्वीची मुभा बंद झाली व दर्शन काचेतूनच होते. प्रदर्शनाव्यतिरिक्त दरवर्षी ३ डिसेंबर रोजी संताचा सण ('सायबाचें फेस्त') साजरा होतो. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस प्रार्थना (नोव्हेना) चालतात. सणाला ख्रिस्ती भाविकांबरोबर इतर धर्मांचे लोकही येतात.

मतभेद

झेवियर यांच्या वारशाविषयी गोव्यात एकमत नाही. १६ मे १५४६ रोजी राजा जुआंव तिसरा याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी गोव्यात धर्मन्यायालयाची (इन्क्विझिशन) आवश्यकता मांडली होती. प्रत्यक्षात हे न्यायालय त्यांच्या मृत्यूनंतर, इ.स. १५६० मध्ये, गोव्यात सुरू झाले आणि मधला अल्प खंड वगळता इ.स. १८१२ पर्यंत चालले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडी, बारदेश व साष्टी येथील देवळे पाडली. कुशस्थळीच्या मंगेशासह अनेक दैवतांच्या मूर्ती त्या काळी पोर्तुगीज हद्दीबाहेर, आजच्या फोंडा तालुक्याच्या भागात हलवाव्या लागल्या. या कारणांमुळे संताच्या गौरवाला विरोध करणारी भूमिका वेळोवेळी मांडली जाते. दुसरीकडे, रुग्णसेवा, शिक्षण व साधी राहणी यांमुळे ते गोव्यातील कॅथलिकांच्या श्रद्धेचे केंद्र आहेत आणि अनेक हिंदू कुटुंबांतही त्यांना नवस बोलण्याची रीत आढळते.

जतन

बासिलिकेचे संरक्षण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे. वास्तूच्या भिंतींवर मुळात चुन्याचा गिलावा होता. इ.स. १९५० च्या दशकाच्या आरंभी पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रु याच्या देखरेखीखाली तो काढून टाकण्यात आला. दगड उघडा राहिल्यास वास्तू अधिक प्राचीन भासेल, ही त्यामागील दृष्टी होती. त्यामुळेच आज हे चर्च तांबूस दिसते, तर शेजारचे से कॅथेड्रल पांढरे आहे.

जांभा हा सच्छिद्र दगड आहे. चुन्याचा गिलावा पावसाचे पाणी अडवतो आणि भिंतीतील ओल बाहेर पडू देतो. गिलावा नसल्याने कोकणपट्टीतील मुसळधार पाऊस थेट दगडात मुरतो व पृष्ठभाग झिजतो. गिलावा पुन्हा द्यावा, असे मत काही वास्तुतज्ज्ञ व चर्चशी संबंधित व्यक्ती मांडतात. उघड्या जांभ्याचे हे रूप आता लोकांच्या ओळखीचे झाले असल्याने ते बदलू नये, असेही मत आहे. समाधिस्मारकातील संगमरवर, कांस्य व चांदी तसेच चॅपेलमधील चित्रे आणि सोनेरी लाकूडकाम यांना आर्द्रतेपासून जपणे हे छत व भिंती कोरड्या राहण्यावर अवलंबून असल्याने, इमारतीचा प्रश्न स्मारकाच्या जतनाशी थेट जोडलेला आहे.